अनुदान छपराला की गावाला?



बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातील धरनई या गावात सुमारे तीन दशके वीज नव्हती. २०१४ साली स्वयंसेवी संस्थांनी तेथे १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारून गावाची स्वतंत्र वीजजाळी सुरू केली. घरे उजळली, रस्त्यांवर दिवे लागले. पुढे सरकारी वीज आली. ती स्वस्त होती, कारण तिच्या दराला अनुदानाचा टेकू होता. गावाच्या जाळीला तसा आधार कोणीच दिला नाही. बॅटऱ्या निकामी झाल्या आणि प्रकल्प बंद पडला.

या अनुभवातून सरकार काय शिकले? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेसाठी ७५,०२१ कोटी रुपये मंजूर झाले. घरावरील तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान मिळते. परंतु त्याचा लाभ प्रामुख्याने ज्याच्यापाशी पक्के छप्पर आणि उरलेली रक्कम भरण्याची ऐपत आहे, त्यालाच. भाडेकरूने वा झोपडीतील भूमिहीन मजुराने संच कोठे बसवावा? याच योजनेत आदर्श सौरग्रामांसाठी ठेवलेली रक्कम अवघी ८०० कोटींची आहे!

सूर्यप्रकाश सर्वांचा आहे. त्यापासून होणारी वीजही समाजाच्या मालकीची व्हावयास हवी. म्हणून ग्रामसभेच्या जाळीस भागभांडवल द्या, सरकारी विजेइतकीच दरसवलत द्या आणि बॅटऱ्या बदलण्यासाठी कायमचा निधी ठेवा. उद्घाटनापुरते अनुदान म्हणजे धरनईची पुनरावृत्तीच होय.