जळका वास आणि मेन स्विचची किल्ली



शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि कार्यालयांतील सहकारी येथे एकत्र जमले आहेत, म्हणून वीजबचतीचा नेहमीचा विषय बाजूस ठेवून मी आज एका वासाविषयी बोलणार आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन दिवस मासळीसारखा वास येत होता. आमच्याकडे मासळी शिजत नाही. मांजराने काही आणून टाकले असावे, या समजुतीने कपाटांमागे शोध झाला. तिसऱ्या दिवशी गिझरचा प्लग काढावयास गेलो, तो बोटाला चटका बसला. सॉकेट काळे पडून वितळले होते. वायरमनने सांगितले, की तापलेल्या प्लास्टिकचा वास पुष्कळदा असाच येतो. मांजराची मात्र उगाच बदनामी झाली!

दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटला जोडला, अथवा १६ अँपिअरच्या सॉकेटमधील स्क्रू सैल राहिला, तर सांधा तापतो. ‘फ्यूज उडाला नाही, म्हणजे सारे ठीक आहे,’ असे आपण मानतो. ते खरे नव्हे. फ्यूज वा एमसीबी जादा प्रवाह ओळखते. सैल सांध्यातून जादा प्रवाह वाहतोच असे नाही, सांधा मात्र जळत राहतो. तेथे नाकाचीच साक्ष ग्राह्य धरावी लागते.

असा वास येताच मेन स्विच बंद करावा. तोच तापला असेल, तर हात न लावता सर्वांना बाहेर काढून १९१२ या क्रमांकावर कळवावे. बोर्डावर पाणी टाकू नये. वास स्वयंपाकाच्या गॅसचा असेल, तर नियम उलटा : कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये, रेग्युलेटर बंद करून दारेखिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

शाळांतील स्थिती आपण जाणताच. प्लगऐवजी उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात बसविलेल्या मी पाहिल्या आहेत. परंतु त्याहून मोठी अडचण अधिकाराची आहे. वास प्रथम शिपायाला येतो. वीज बंद करणे हे मुख्याध्यापकांचे काम, असे त्याला वाटते. कार्यालयात ‘संगणकावरील काम अर्धे आहे, वायरमन येईपर्यंत चालू द्या’ असे म्हटले जाते. ज्याला वास येईल त्याने कोणालाही न विचारता वीज तोडावी, असा लेखी आदेश प्रत्येक शाळेने व पंचायतीने काढावा. आणि मेन स्विचच्या खोलीला कुलूप असेल, तर त्याची किल्ली तालुक्याच्या बैठकीस गेलेल्या साहेबांच्या खिशात नसावी.