वरणफळे आणि परमुलखातील पर्याय



परमुलखातील मराठी घरांतून सर्वांत आधी हद्दपार होणारा पदार्थ, आमच्या मते, वरणफळे हा होय. साताऱ्या-कोल्हापुराकडे त्यांसच चकोल्या म्हणतात. पुरणपोळीला सणांचा आधार असतो. वरणफळांना कोणाचाच नाही. आमसुले संपली, गावाहून गोडा मसाला आला नाही, की ‘आता घरी गेल्यावरच करू’ असे ठरते, आणि मुले मोठी होईतो त्या पदार्थाचे नुसते नाव उरते. म्हणून येथे कोलकात्यात काय घालून भागेल, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पर्याय शोधताना जिन्नसाचे नाव पाहू नये, त्याचे काम पाहावे. आमसुलाचे काम आंबटपणाचे. ते काम चिंच उत्तम करते. मात्र तिचा कच्चा वास जाईपर्यंत वरण उकळावे लागते. आमचूर उतरवण्यापूर्वी थोडा वेळ आधी घालावा, लिंबू आंच बंद केल्यावर. कोणतेही आंबट डाळ पुरती शिजल्यावरच घालावे. आधी घातल्यास डाळ दडस राहते. गंधराज लिंबाचा सुवास मोहक खरा, परंतु तो साऱ्या पातेल्यावर सत्ता गाजवतो. तो साध्या वरणभातासाठी राखावा.

तुरीची डाळ नसेल तर मसूर व मूग निम्मेनिम्म घ्यावी. मूग येथील रीतीप्रमाणे आधी भाजून घेतल्यास स्वाद खुलतो. कणकेऐवजी मैदा मात्र नको, फळे बुळबुळीत होतात. दोन वाट्या कणकेस दोन चमचे बेसन, ओवा, हळद, तिखट, मीठ व थोडे तेल घालून घट्ट मळावे, पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावेत आणि खळखळत्या वरणात एकेक सोडावेत. वरण नेहमीपेक्षा पातळ हवे, कारण फळे पाणी पितात.

खरी अडचण गोड्या मसाल्याची. गरम मसाला हा त्याचा पर्याय नव्हे. तो तिखट व उग्र. धने, तीळ आणि सुके खोबरे वेगवेगळे भाजून, दोन लवंगा व दालचिनीचा तुकडा घालून कुटावे. दगडफूल न मिळाल्यास अडून बसू नये. मोहरीचे तेल धूर येईतो तापवून, किंचित निववून मग फोडणी करावी. पाचफोडण टाळावे, त्यातील बडीशेप वरणाचा रोखच बदलते. कढीलिंब नसल्यास तमालपत्र घालून वेळ साजरी करू नये. त्याची उणीव तशीच राहू द्यावी.

इतके बदलल्यावर ती वरणफळेच राहतात काय, असे वडीलधारी मंडळी विचारतात. बिहारात डाळीत कणकेचे तुकडे शिजवून दालपिठ्ठी करतात, गुजरातेत डाळढोकळी. त्यांच्या शेजारी आपले पातेले ठेवले तर वेगळेपण जिभेला लगेच कळते. ते गूळ, आंबट आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या मेळात असते. तेवढे सांभाळले की आमचे उत्तर होकारार्थी आहे.

वरणफळे गरम असतानाच वाढावीत, थांबल्यास घट्ट होतात. झालीच तर आधणाचे पाणी घालून सैल करावीत. वरून साजूक तूप सढळ हाताने घालावे. त्याला पर्याय आम्ही सुचवणार नाही.