तेरचे वस्तुसंग्रहालय आणि आपल्या गावची पांढरी

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या तालुका मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा पाठ)



वस्तुसंग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईची घुमटाची भव्य इमारत किंवा पुण्यातील केळकर संग्रहालय उभे राहते. शाळेची सहल तेथे जाते, मुले रांगेने दालने पाहतात आणि रात्री एस.टी.ने परततात. त्या थोर संस्थांविषयी मला आदरच आहे. परंतु आज मी आपणास जेथे नेऊ इच्छितो ती संग्रहालये खेड्यापाड्यांच्या मुलखात, जुन्या गावांच्या कुशीत वसली आहेत. मराठवाड्यात पैठण आणि तेर येथे शासनाची अशी दोन लहान वस्तुसंग्रहालये आहेत. पैठणच्या संग्रहालयाला बाळासाहेब पाटील यांचे आणि तेरच्या संग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव दिले आहे. हे दोघे राजे नव्हते की विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. आपल्या गावच्या मातीत सापडणाऱ्या वस्तूंचे मोल जाणणारे ते गृहस्थ होते. या दोन्ही संग्रहालयांचा पाया त्यांच्या संग्रहांनी घातला, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

तगर ते तेर

तेर हे धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील तेरणाकाठचे गाव. वारकरी त्याला संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतात. परंतु गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षे या गावाचे नाव समुद्रापार पोहोचले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक लेखकाने समुद्रव्यापाराची माहिती देणारा ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ लिहिला. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे, असे तो सांगतो. तगरहून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून भडोचला येत असे. पुढे शिलाहार राजेही ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत. पण ते तगर नेमके कोठे, हे लोक विसरून गेले. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर, कोणी धारूर. अखेर १९०१ मध्ये फ्लीट या विद्वानाने तगर म्हणजे तेर होय, असे साधार मांडले. त्यानंतर थोड्याच काळात पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी तेरला भेट देऊन आपला अहवाल लिहिला, आणि १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन झाले.

मंडळी, विद्वान यावयाच्या आधीही पाऊस तेरवर पडतच होता. गावाभोवतीची टेकाडे पावसाने धुपत आणि मातीतून मणी, नाणी, मृण्मूर्ती वर येत. पोरे मण्यांशी खेळत. बाकीचे नांगराच्या फाळाखाली जाई. लामतुरे यांनी ते जपले. एका गावकऱ्याने जपलेल्या या वस्तूंच्या अभ्यासासाठी पुढे देशोदेशींच्या अभ्यासकांना तेरची वाट धरावी लागली.

या संग्रहातील एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. इटलीतील पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील एका घरात १९३८ मध्ये भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली, तेव्हा ती भारतातून कोठून गेली असावी याविषयी तर्कवितर्क सुरू झाले. तेरच्या मूर्तीचे तिच्याशी असलेले साम्य अभ्यासकांच्या ध्यानात आले. पुढे जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही तशाच घडणीची मूर्ती मिळाली. पाँपेईची मूर्ती नेमकी कोणत्या गावी घडली, यावर मतभेद आहेत. परंतु त्या चर्चेत तेर आणि भोकरदन यांची नावे घेतल्यावाचून भागत नाही.

मला स्वतःला तेरच्या मातीच्या मूर्ती अधिक आवडतात. पांढऱ्या चिकणमातीच्या या लहान मूर्ती दोन साच्यांत घडवून जोडलेल्या आहेत. त्यांची केशभूषा, कानांतील अलंकार आणि चेहऱ्यावरचे मंद हसू पाहताना ती माणसे परकी वाटत नाहीत. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मडकी पारखली, ही कथा तेरच्या मुलांना पाठ असते. त्याच गावात त्यांच्याही पूर्वी शेकडो वर्षे मातीला असा आकार देणारे कारागीर होते, हे त्या मुलाला कपाटासमोर उभे करून सांगितले तर इतिहास त्याला परक्या राजांची वंशावळ वाटणार नाही. आणि संग्रहालय पाहून बाहेर पडताच गावातच त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर आहे. त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार आहे. वस्तू आणि तिची भूमी एकाच दिवशी पाहावयास मिळणे, हे भाग्य शहरातील मोठ्या संग्रहालयात लाभत नाही.

माझ्या हातून झालेली चूक

आता एक कबुली देतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी एका आडगावी दौऱ्यावर गेलो होतो. चहापाणी झाल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने कोनाड्यातून मातीचे एक लहानसे मुखवटेवजा डोके काढले आणि ‘साहेब, असू द्या आमची आठवण,’ म्हणून माझ्या हातावर ठेवले. ते मी कौतुकाने घेतले आणि कित्येक वर्षे माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून वापरले. पुढे एका जाणकाराने ते पाहिले. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘हे कोठे सापडले?’ मी गावाचे नाव सांगितले. ‘गावात कोठे? कोणत्या शेतात? किती खोल? सोबत काय होते?’ मजजवळ उत्तर नव्हते. चौकशी केली तेव्हा तो शेतकरी वारल्याचे कळले. मुलांना ठाऊक नव्हते. ते डोके मी योग्य ठिकाणी जमा केले. परंतु ज्या प्रश्नांची उत्तरे देणारा एकच माणूस होता, त्याला ते प्रश्न मी विचारले नव्हते. त्या दिवशी हातात वही होती, पेन्सिल होती आणि वेळही होता.

पांढरी वाचवा

आपण शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडली, त्यांवर नवी उठली, चुलीची राख आणि भिंतींची माती मिसळत गेली, म्हणून ती पांढरी झाली. गावाशेजारचे ओसाड पांढरे टेकाड म्हणजे तुमच्या पूर्वजांची वस्ती असण्याचा संभव असतो. माळवदावर पसरण्यासाठी ही माती लोकांनी पूर्वापार नेली. आता ती यंत्राने उकरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाते. टोपलीने माती नेताना मणी दिसत असे. यंत्राच्या फाळक्यात टेकाडच एका आठवड्यात नाहीसे होते.

म्हणून पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, विहीर, रस्ता किंवा घराचा पाया पांढरीत खणला जाईल तेव्हा एका जाणत्या माणसाने तेथे लक्ष ठेवावे. काही सापडल्यास काम थोडा वेळ थांबवावे आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. ‘सरकार जमीन नेईल’ या भीतीने लोक वस्तू दडवतात किंवा रातोरात विकतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या धनाची खबर देणे सापडणाऱ्याचे कर्तव्य आहे. खबर देणाऱ्याचा हक्क हा कायदा मानतो. दडवणारा मात्र आपला हक्क गमावतो आणि शिक्षेस पात्र ठरतो. शंभर वर्षांपूर्वीची नाणी, शिल्पे वा अन्य पुरावशेष खाजगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाहीत, असे १९७२ चा पुरावशेष कायदा सांगतो.

शिक्षकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, शाळेत एक नोंदवही ठेवा. मुलाने काही आणून दाखवले तर काय सापडले, कोणाच्या शेतात, गट क्रमांक कोणता, किती खोल, कोणत्या दिवशी, एवढे त्याच्यासमक्ष लिहा. दुसरी, नाणे चिंचेने घासू देऊ नका आणि फुटके मडके निरुपयोगी म्हणून फेकू देऊ नका. खापरावरूनच काळ ओळखता येतो. तिसरी, एक तरी सहल जवळच्या लहान संग्रहालयात न्या. पाट्या उतरवून घ्यावयास लावू नका. प्रत्येक मुलाला एकच वस्तू निवडू द्या, तिचे चित्र काढू द्या आणि घरी आजीला ते दाखवून, अशी वस्तू तिने कधी वापरली होती का, हे विचारून यावयास सांगा. मग जाते, पणती, मणी, मडके यांचा इतिहास मुले आपण होऊन सांगू लागतील.

प्रत्येक गावी संग्रहालय निघणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु प्रत्येक शाळेत नोंदवही निघू शकते. लामतुरे यांना कोणी आदेश दिला नव्हता, अनुदान मंजूर केले नव्हते. पावसानंतर जमिनीकडे पाहावे आणि दिसेल ते जपावे, एवढेच त्यांनी केले. यंदाचा पाऊसही आपल्या पांढरीवरून वाहून जाईल. त्यानंतरच्या पहिल्या उघडिपीला आपल्यापैकी काही जणांनी मुलांना घेऊन तेथे एक फेरी मारावी आणि सोबत वही न्यावी, एवढे मागून मी आपली रजा घेतो.