जुन्या वास्तू आणि वटवाघळांचा आसरा



वाचनालयाच्या शतकमहोत्सवात वटवाघळांचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ग्रंथ आणि वटवाघूळ यांचे नाते अगदीच परके नाही. पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठाच्या अठराव्या शतकातील जोआनिना ग्रंथालयात वटवाघळांची वस्ती आहे. रात्री ती कपाटांमागून बाहेर येतात आणि ग्रंथांना उपद्रव देणारे कीटक टिपतात. सायंकाळी मेजांवर चामड्याची आच्छादने घालावयाची आणि सकाळी विष्ठा झाडून काढावयाची, एवढा त्रास तेथे सोसला जातो.

आपला बेळगाव परिसर तर या प्राण्याच्या इतिहासात विशेष मानाचा आहे. खानापूर तालुक्यात, भीमगडच्या अरण्यातील बारापेडे गुहेत एका वटवाघळाचा शोध लागला. ऑल्डफील्ड टॉमस या प्राणिशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव त्याला दिले. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले. पण विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत साऱ्या जगाला त्याचे हे एकच घर ठाऊक होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याला स्थान मिळाले. त्याच कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना मात्र उंदीर-घुशींच्या पंक्तीत, उपद्रवी म्हणून बसविले होते. ती उपद्रवी प्राण्यांची यादीच २०२२ च्या दुरुस्तीने रद्द झाली.

गुहेला अरण्याचे संरक्षण आहे. गावातल्या आसऱ्याला कोणाचे? वाड्यांचे माळे, देवळांची शिखरे, कौलारू वखारींचे आढे ही लहान वटवाघळांच्या दृष्टीने गुहाच होत. बेळगावच्या जुन्या पेठांत किंवा निपाणीच्या तंबाखूच्या बाजारपेठेत जुनी वास्तू नवे रूप घेते, तेव्हा कौले उतरतात, फटी सिमेंटने बुजतात. पिलावळीच्या दिवसांत हे घडले, तर चाऱ्यासाठी बाहेर पडलेल्या माता बाहेर राहतात आणि उडता न येणारी पिल्ले आत मरतात. मादीला वर्षाकाठी बहुधा एक किंवा दोनच पिल्ले होत असल्याने ही हानी लवकर भरून येत नाही.

धरणग्रस्तांच्या चळवळीने महाराष्ट्राला ‘आधी पुनर्वसन, मगच धरण’ हा न्याय शिकविला. या मुक्या रहिवाशांनाही तोच लागू करावयास हवा. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वटवाघळांच्या आसऱ्याला संरक्षण दिले. तेथे जुन्या इमारतीत बदल करताना त्या आसऱ्याला बाध येणार असेल, तर परवाना घ्यावा लागतो आणि पर्यायी जागेची योजना मांडावी लागते.

अर्थात, पर्यायी घर बांधले म्हणजे पाहुणा येतोच असे नाही. फ्लोरिडा विद्यापीठात १९८७ मध्ये एका इमारतीला आग लागली आणि तेथील वटवाघळांनी क्रीडांगणाच्या प्रेक्षागृहात बिऱ्हाड केले. त्यांच्यासाठी १९९१ मध्ये स्वतंत्र घर उभारून त्यांना तेथे नेले, तर ती लगोलग निघून गेली. घर काही वर्षे रिकामेच राहिले. १९९५ मध्ये ती आपण होऊन तेथे वस्तीस आली. याउलट टेक्सासमधील ऑस्टिन शहरात १९८० मध्ये पुलाची पुनर्रचना झाली. त्याच्या तळाशी राहिलेल्या अरुंद, खोल फटी वटवाघळांना अनायासे मानवल्या. प्रारंभी त्यांच्या उच्चाटनाची मागणी करणारे शहर आज त्यांचे संध्याकाळचे उड्डाण पाहावयास गर्दी करते.

या उदाहरणांचा बोध सरळ आहे. नवा आसरा जुन्यासारखाच उंच, काळोखा, उबदार आणि वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित हवा. आतील पृष्ठभाग नखे रुतण्याइतका खरबरीत हवा. शक्यतो येण्याजाण्याची जुनीच वाट राखावी. माळ्याचा एक कोपरा फळ्यांनी वेगळा करून बाहेरच्या बाजूने फट ठेवली, तरी पुष्कळ साधते. मुख्य म्हणजे, नवी जागा आधी सिद्ध व्हावी आणि पिल्ले उडू लागल्यावरच जुनी बंद व्हावी.

आरोग्याची शंका अनाठायी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले, तेव्हा त्यांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्या. म्हणूनच वटवाघळांना हात लावू नये, सुकी विष्ठा उघड्या तोंडाने झाडू नये, त्यांचा कप्पा माणसांच्या वावरापासून वेगळा असावा. पण घाबरून हाकलण्याने ती नाहीशी होत नाहीत. शेजारच्या घराचे आढे शोधतात. नेमून दिलेली वेगळी जागा त्यांच्याइतकीच माणसाच्याही हिताची आहे.

वास्तुशांत करताना आपण नव्या घरातील सर्वांचे कुशल चिंतितो. जुन्या वास्तूचे रूप पालटताना, तिच्या आढ्याखाली आपल्याही आधीपासून कोणी राहत आहे काय, हे कौले उतरविण्यापूर्वी एका सायंकाळी अंगणात उभे राहून पाहावे. दिवेलागणीला ती फटींतून बाहेर पडतातच. त्यांची नोंद घ्यावी आणि मगच गवंड्याला बोलावणे धाडावे.