विषारी माती साफ करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आजचा एपिसोड देवगाव रंगारीतून. एसटीत इयरफोन लावून बसला असाल, नाहीतर शेतात मोटर चालू करून बांधावर बसला असाल, तर जरा लक्ष देऊन ऐका. आज आकडे थोडे जास्त आहेत, पण हिशेब सोपा आहे.

विषय असा, की एखादी केमिकल कंपनी बंद पडली, मालक गेले, गेटला कुलूप लागलं. जमीन मात्र तिथेच राहिली आणि तिच्यात मुरलेलं विषही तिथेच राहिलं. आता ती माती साफ करायची कशी? जाळायची, धुवायची, उचलून दुसरीकडे न्यायची, की आहे तिथेच झाकून टाकायची?

तुम्ही म्हणाल, आपल्या गावाच्या नावात ‘रंगारी’ आहे खरं, पण केमिकल कंपनीचा आणि आपला काय संबंध? तर, वाळूजची एमआयडीसी काही फार लांब नाही. इथली पोरं तिकडे कामाला जातात. कारखाने सुरू होतात तसे बंदही पडतात. आणि जमिनीत मुरलेलं पाणी सात-बारा बघून थांबत नाही, ते शेजारच्या विहिरीत उतरतं. त्यामुळे हा विषय आपल्याला कळलेला बरा.

आपल्या देशात या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र, युनियन कार्बाइडचा कारखाना, विषारी गॅस. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. जमिनीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती त्या रात्रीच्या आधीच सुरू झाली होती.

कारखान्याचं सांडपाणी उन्हात सुकवायला १९७७ मध्ये बाहेर उत्तरेला तळी बांधली. तीन तळी, सगळी मिळून ३२ एकर. खाली प्लास्टिकचा कागद. म्हणजे आपल्या शेततळ्यासारखंच की! आता शेततळ्याचा कागद फाटला की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथेही तेच झालं. तळी गळतायत, हे १९८२ मध्ये कंपनीच्या स्वतःच्या अंतर्गत पत्रव्यवहारात नोंदलेलं आहे. कारखान्याच्या आवारातही कचरा पुरला गेला, सांडला गेला. कीटकनाशकं, ती बनवताना उरलेली रसायनं, आणि पारा, शिसं, क्रोमियम असे धातू. हे सगळं पुढे भूजलात गेलं. शेवटी आसपासच्या वस्त्यांना नळाचं स्वच्छ पाणी द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

आता साफसफाईकडे येऊ. आवारातला काही कचरा गोळा करून गोदामात ठेवला होता. तो कुठे न्यायचा यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. गुजरातमधलं अंकलेश्वर झालं, तिथे नकार. २०११ मध्ये आपल्या नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीचं नाव आलं, महाराष्ट्रात विरोध झाला, ते बारगळलं. २०१२ मध्ये जर्मनीला विमानाने पाठवायचं चाललं होतं, तेही फिसकटलं. अखेर हायकोर्टाच्या आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर भोपाळहून इंदूरजवळच्या पीथमपूरला निघाले. आत ३३७ टन कचरा. पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतर चाचण्या झाल्या, आणि जून २०२५ संपेपर्यंत सगळा कचरा जाळून झाला.

बातम्या आल्या, ‘भोपाळचा कचरा संपला’. खरंच संपला का? इथून पुढे हिशेब करू.

पहिला हिशेब राखेचा. जाळला ३३७ टन, आणि उरलेली राख व अवशेष मिळून ८०० टनांच्या वर! जाळल्यावर कमी व्हायला पाहिजे, जास्त कसं झालं? कारण जाळताना निघणारे आम्लाचे वायू मारायला चुना आणि इतर रसायनं घालावी लागतात, त्यांचं वजन वाढतं. आणि धातू तर जळतच नाहीत. कीटकनाशकाचा रेणू मोठ्या आचेवर मोडतो, त्याचं विष संपतं. पाऱ्याचं, शिशाचं तसं नाही. तुम्ही कितीही जाळा, शिसं शिसंच राहतं. ते एकतर धुरात जातं, नाहीतर राखेत. म्हणून ती राखही विषारी कचरा म्हणूनच सांभाळून पुरावी लागते, आणि ती कुठे पुरायची यावर पुन्हा कोर्टात वाद.

दुसरा हिशेब मातीचा. तो ३३७ टन म्हणजे फक्त गोदामात भरून ठेवलेला माल. नागपूरची नीरी, म्हणजे आपली राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, हिचा २०१० चा अहवाल आहे. त्यात भोपाळच्या जागेत उपचार करायची गरज असलेली माती किती सांगितलीय? ११ लाख टन. पीथमपूरची भट्टी ताशी जास्तीत जास्त २७० किलो जाळत होती. ११ लाख टनांना ताशी २७० किलोने भागा. दिवसरात्र भट्टी चालवली, एकही सुट्टी घेतली नाही, तरी ४६५ वर्षं लागतात. उलटं मोजायचं तर ४६५ वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता.

तिसरा हिशेब पैशाचा. त्या ३३७ टनांसाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले होते. म्हणजे किलोला साधारण ३,७०० रुपये. या भावाने माती जाळायला कुठलंच सरकार तयार होणार नाही.

मग दुसरे मार्ग कोणते? एकेक बघू.

पहिला मार्ग, उकरून न्यायची. महाराष्ट्रात घातक कचरा पुरायच्या अधिकृत जागा आहेत, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी. छोटी जागा असेल, दोनचारशे टन माती असेल, तर हे जमतं. पण ११ लाख टन म्हणजे २० टनी हायवाच्या ५५ हजार फेऱ्या. वाटेतल्या प्रत्येक गावातून धूळ जाणार. आणि विष संपत नाही, त्याचा फक्त पत्ता बदलतो.

दुसरा, जागेवरच कोंडायची. खाली-वर चिकणमाती आणि जाड कागद, बाजूने चर, पावसाचं पाणी आत जाणार नाही अशी सोय. नीरीने भोपाळसाठी जागेवरच अशा सुरक्षित भरावाची शिफारस केली होती, आणि भूजल उपसून शुद्ध करायची. स्वस्त आणि लवकर होणारं काम. पण आपण आत्ताच बोललो, कागद फाटतो. म्हणजे तिथे कायमची राखण आली. दरवर्षी भोवतीच्या विहिरींचं पाणी तपासायला पाहिजे, पन्नास वर्षांनीही. त्या वेळी पैसे कोण देणार, हे आज कागदावर लिहून घ्यायला पाहिजे.

तिसरा, धुवायची. पाण्याने आणि रसायनाने माती धुतात, चाळतात. रेताड माती असेल तर छान जमतं, कारण विष बारीक कणांना चिकटतं आणि वाळू मोकळी होते. पण आपली काळी माती धुऊन बघा! सगळीच बारीक, सगळीच चिकट. भोपाळलाही चिकण काळी मातीच आहे.

चौथा, तापवायची. हे जाळण्यापेक्षा वेगळं आहे. माती भाजतात, त्यातली रसायनं वाफ होऊन निघतात, ती वाफ पकडून वेगळी नष्ट करतात. पाराही असा निघतो. काम पक्कं होतं, पण ओल्या चिकण मातीला इंधन खूप लागतं.

पाचवा, जिवाणूंना कामाला लावायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बीएचसी पावडर विचारा, कपाशीवर मारायचे. त्याच जातीचं विष भोपाळच्या मातीतही सापडलंय. हे विष मोडणारा एक जिवाणू भारतातच उसाच्या मुळाजवळच्या मातीत सापडला, स्फिंगोबियम इंडिकम त्याचं नाव. मोठ्या पसाऱ्यावर, जिथे विषाचं प्रमाण कमी आहे, तिथे हा मार्ग चांगला. पण वेळ लागतो, ओल-हवा सांभाळावी लागते, आणि धातूंवर त्याचा उपयोग नाही.

म्हणजे ‘सगळ्यात भारी पद्धत कोणती?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. आधी तपासायला पाहिजे की कुठे, किती खोल, कोणतं विष आहे. मग जागेचे तुकडे करायचे. जिथे विष घट्ट आहे ती माती काढून तापवायची, जिथे विरळ आहे तिथे जिवाणू, उरलेली कोंडायची, आणि भूजलाचं काम वेगळं चालवायचं. एकाच औषधाने ताप, खोकला आणि मोडलेला हात बरा होत नाही.

आणि यात एक प्रश्न कुठल्या मशीनचा नाहीये. साफ म्हणजे किती साफ?

तमिळनाडूत कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना होता, २००१ मध्ये बंद झाला. मातीत पारा. पद्धत ठरली, माती धुवायची आणि भट्टीत तापवून पारा काढायचा. पण खरं भांडण पद्धतीवरून झालं नाही. ते झालं एका आकड्यावरून. किलोभर मातीत २० मिलिग्रॅम पारा राहिला तरी चालेल, असं ठरवलं गेलं. लोक म्हणाले, हा डोंगर आहे, खाली जंगल आहे, पाणी उतरतं, आकडा आणखी कडक करा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तेवढं खणलं तर झाडं जातील, उतारावरची माती वाहून जाईल. दोन्हीकडे मुद्दा आहे. पण बघा, हा निर्णय प्रयोगशाळेतून आपोआप येत नाही. त्या जागेवर उद्या गोदाम होणार, की पोरांचं मैदान, की कुणी शेती करणार, त्यावर तो ठरतो. म्हणून तिथे राहणाऱ्या लोकांना तो विचारलाच पाहिजे.

आता हे सगळं ऐकून आपण काय करायचं? जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी नवे नियम आणले. त्याआधी देशात अशा १०३ जागा नोंदल्या होत्या, आणि साफसफाई सुरू झाली होती फक्त सात ठिकाणी! नव्या नियमांत स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागा शोधून दर सहा महिन्यांनी प्रदूषण मंडळाला कळवायच्या आहेत. लोकांच्या तक्रारीवरूनही. मग मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढे सविस्तर. ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च घ्यायचा, तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर सरकारने करायचा.

तेव्हा कुठे बंद कंपनीच्या कडेला विहिरीच्या पाण्याला वास येत असेल, रंग बदलला असेल, तर फोटोचं स्टेटस ठेवून थांबू नका. तारीख, गट नंबर, फोटो घालून अर्ज लिहा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक कलेक्टर ऑफिसला, एक प्रदूषण मंडळाला. पोच घ्या. आणि उद्या कुणी साहेब येऊन म्हणाले, ‘आम्ही माती साफ करतोय’, तर त्यांना चार गोष्टी विचारा. मातीत नेमकं काय सापडलं? तुमच्या पद्धतीने ते मोडणार, की फक्त हलणार? किती शिल्लक राहिलं तर तुम्ही ‘साफ’ म्हणणार? आणि वीस वर्षांनी आमच्या विहिरीचं पाणी तपासायचा खर्च कुणाच्या नावावर आहे?

उत्तरं लेखी मागा. तोंडी उत्तराला कोर्टात किंमत नसते.

आज एवढंच. तुमच्या भागात अशी एखादी जागा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, आपण त्यावर बोलू. भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!