उद्या गाडीवर बसायचंय



उद्या-परवा ज्यांना पहिल्यांदाच मोटारसायकल शिकायला जायचं आहे, त्यांच्याशी मला आज बोलायचं आहे. कुणी तालुक्याला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं असेल, कुणाला भावानं “रविवारी सकाळी मैदानावर ये” असं सांगितलं असेल. दिवस ठरला, की रात्री झोप येत नाही. क्लच सोडल्यावर गाडी उडी मारेल का? अंगावर पडली तर? पाय जमिनीला टेकतील का? आणि लोक बघतील, त्याचं काय? हे प्रश्न विचारायचे कुणाला? घरात ज्यांना गाडी येते, ते स्वतः कधी आणि कसे शिकले हे विसरून गेलेले असतात.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या, भूम तालुक्यातल्या ईटला राहते. सुट्टीच्या दिवशी गावातल्या बायका-मुलींना मैदानावर गाडीचे पहिले धडे देते. आमच्याकडे गाडी ही आता हौस राहिलेली नाही. आशाताईंना वस्तीवरच्या बाळंतिणीला बघायला जायचं असतं. एखाद्या पोरीचं कॉलेज सुटतं आणि तोवर गावाकडची एसटी निघून गेलेली असते. दूध घालणारा माणूस गाडीच्या दोन्ही अंगांना कॅन लटकवून पहाटेच खव्याच्या भट्टीकडे निघतो. आमच्या तालुक्याचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा लांबलांब जातो, पण त्याचं दूध भट्टीपर्यंत येतं ते बहुतेक दुचाकीवरूनच. इतकी गरजेची ही वस्तू, आणि ती शिकण्याची रीत मात्र अजून “बस, सोड क्लच, जाईल बघ” एवढीच आहे.

मी शिकायला येणाऱ्या कुणालाही “घाबरू नको” असं म्हणत नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, आणि त्यातली शंभरातली चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची होती. ज्या घरातलं माणूस असं गेलं आहे, त्या घरातल्या मुलीनं हँडल धरताना तिचा हात कापला, तर तिला हसणाऱ्याची मला चीड येते. तिची भीती खरी आहे. फक्त नवशिक्याची ही भीती बहुतेक वेळा चुकीच्या जागी लागलेली असते, आणि ती जागा बदलून देणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे.

गाडीच्या वजनाचंच घ्या. आपल्या भागात सगळीकडे दिसणारी शंभर सीसीची स्प्लेंडर भरते 112 किलो. आकडा ऐकूनच पाऊणशे किलोचं पोतं न उचलणाऱ्या बाईच्या मनात येतं, ही कशी सांभाळायची? पण उभ्या गाडीचं वजन तुम्हाला पेलायचं नसतंच, ते दोन चाकं पेलतात. तुम्ही फक्त तोल राखता. गाडी फार कलली की मग ते वजन हातावर येतं. म्हणून पहिल्या दिवशी इंजिन चालूच करू नका. डाव्या बाजूला उभं राहून, दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी मैदानभर ढकला. वळवा, थांबवा, पुन्हा ढकला. कुठपर्यंत कलली की ती जड होते, हे अर्ध्या तासात हाताला कळतं. जपानमधल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तर शिकणाऱ्याला सुरुवातीलाच आडवी पडलेली मोटारसायकल उभी करायला लावतात. मला ही पद्धत फार पटते. पडलेली गाडी उचलता येते हे एकदा स्वतःच्या अंगाला ठाऊक झालं, की पडण्याची निम्मी धास्ती जाते. उचलायची रीत अशी: आधी चावी बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साईड स्टँड आधीच काढून ठेवायचा. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला टेकायचं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची पकड, आणि कमरेनं न उचलता पायांनी मागे रेटत जायचं. दोघींनी मिळून उचलली तरी त्यात कमीपणा नाही.

गाडी बंद पडण्याची भीतीही अशीच. ती बंद पडणारच. क्लच हळूहळू सोडताना एक जागा अशी येते, की इंजिनाचा आवाज जरा दबतो आणि गाडी पुढे सरकू पाहते. आपण तिला हाफ क्लच म्हणतो. ती जागा डाव्या हाताला सापडेपर्यंत गाडी पुन्हा पुन्हा बंद पडते, आणि पहिल्या दोन दिवसांत डावा पंजा दुखून येतो. यात बिघडलं काही नाही. त्या जागेवर गाडी हातभर पुढे न्यायची आणि क्लच पुन्हा दाबायचा. ज्यांना पहिल्याच तासाला मैदानाला चक्कर मारायची असते, त्यांना हे कंटाळवाणं वाटतं. पण बाजाराच्या गर्दीतून पाय न टेकता जाणारी माणसं तुम्ही बघता ना, त्यांचं सगळं कसब या हाफ क्लचमध्येच असतं.

आता लोक बघतील, याचं. पुरुषांना याची कल्पना कमी असते. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना पडण्यापेक्षा याची भीती जास्त असते. कठड्यावर बसलेली पोरं हसतील, घरी जाऊन कुणीतरी सासूबाईंना सांगेल, “कशाला पाहिजे हिला गाडी?” त्यावर मी त्यांना सांगते, की या वाटेनं आधी पुष्कळजणी गेलेल्या आहेत. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीनं 1972 साली लुना आणली, आणि गियर नसलेल्या त्या हलक्या गाडीवर महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बायका कामावर जाऊ लागल्या. पुण्याच्याच उर्वशी पाटोळे यांनी 2011 साली ‘बायकरनी’ हा मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांचा गट उभा केला, तो पुढे देशभर पसरला. ईटच्या मैदानावर साडी खोचून, डोक्यात हेल्मेट घालून बसणारी बाई त्यांच्यातलीच आहे. आणि एक व्यवहाराची गोष्ट: शक्य असेल तर नवऱ्याकडून किंवा भावाकडून शिकू नका. माणूस मायेचा असला, तरी मागे बसून ओरडतो, आणि ओरडा कानावर पडला की हात अॅक्सलेटरवर आवळतो. तो हात आवळला की गाडी पळते.

मग घाबरायचं कशाला? गाडी सुरू न होण्याला नाही, ती वेळेवर न थांबण्याला. आपल्याकडे गाडी पळवायला सगळे शिकवतात, थांबवायला कुणी शिकवत नाही. उलट पहिल्या दिवशीच एक कानमंत्र देतात: “पुढचा ब्रेक दाबू नको बरं, तोंडावर पडशील!” हा सल्ला गावोगाव दिला जातो, प्रेमानं दिला जातो, आणि त्यानं माणसं मरतात. ब्रेक लागला की गाडीचं आणि माणसाचं वजन पुढच्या चाकावर येतं. पुढचा टायर रस्त्याला घट्ट दाबला जातो, मागचा हलका होतो. म्हणजे गाडी थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. मागच्या एकट्या ब्रेकवर पाय दिला तर हलकं झालेलं ते चाक जाम होतं, घसरतं आणि गाडी आडवी जाते. तोंडावर पडणारा माणूस पुढचा ब्रेक वापरल्यामुळे पडत नाही. तो घाबरून एकदम आवळल्यामुळे, हँडल वळलेलं असताना दाबल्यामुळे, किंवा खडीवर दाबल्यामुळे पडतो. हँडल सरळ, दोन्ही ब्रेक एकाच वेळी, पुढच्या ब्रेकवर बोटांचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. मुरूम, खडी किंवा ओली माती असेल तर पुढचा अगदी हलका, आणि मुळात वेगच कमी. एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत तर ही सोय सक्तीनं आलेली आहे: 125 सीसीच्या वरच्या गाडीला चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा, आणि त्याखालच्या गाडीला दोन्ही ब्रेक जोडलेले, म्हणजे मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. तुमच्या घरातली गाडी जुनी असेल, तर हे काम तुमच्या बोटांनाच शिकवावं लागेल.

हिशोब करून बघा. ताशी चाळीसच्या वेगानं गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. समोर वासरू आलं हे डोळ्यांना दिसून ब्रेकवर बोट पडेपर्यंत एखादा सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच अकरा मीटर गेले. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. म्हणून मैदानावर चुन्याची एक रेघ मारा आणि ताशी पंधराच्या वेगानं येऊन तिच्या अलीकडे थांबायचा सराव करा. मग वीस, मग पंचवीस. लायसनच्या परीक्षेत आठचा आकडा काढता आला की झालं, असा समज आहे. आठ काढताना तोल कळतो, तो कळायलाच हवा. चाळीसवरून थांबणं मात्र त्यात कळत नाही.

नजरेचंही असंच आहे. नवशिका पुढच्या चाकाकडे बघतो, नाहीतर ज्या दगडाला धडकायची भीती आहे त्या दगडाकडे. आणि गाडी नजर असते तिकडेच जाते. दगड दिसला की डोळे तिथून उचलून मोकळ्या वाटेवर ठेवायचे. हे सांगायला सोपं, करायला फार अवघड, आणि मैदानावरच शिकायचं.

मैदान संपून रस्ता लागला, की आमच्या भागाची म्हणून काही संकटं आहेत, ती शहरातला शिकवणारा सांगणार नाही. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर येते आणि भुरभुर पाऊस झाला की ती साबणासारखी होते. सुगीत लोक सोयाबीन, तूर मळणीला रस्त्यावरच पसरतात, त्या शेंगांवर ब्रेक लावलात तर चाक निसटलंच. कारखाने सुरू झाले, की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, आणि रात्री मागे लाल दिवा नसलेल्या बैलगाड्या. पहिले काही आठवडे दिवस मावळल्यावर गाडी बाहेर काढायचीच नाही, असं मी स्पष्ट सांगते.

कायद्याचं थोडक्यात. गियरच्या गाडीला अठरा वर्षं पूर्ण हवीत. लर्निंग लायसन सहा महिने चालतं आणि ते काढून तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा, आणि मागे शिकवणाऱ्याशिवाय कुणालाही बसवायचं नाही, लहान भावालासुद्धा. पालकांनो, नववी-दहावीतल्या पोराच्या हातात चावी दिलीत, तर 2019 च्या दुरुस्तीनं तुम्हाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाचं भय दाखवून हे सांगावं लागतं, याचंच मला वाईट वाटतं.

ब्रिटनमध्ये 1990 पासून नवशिक्याला एक प्राथमिक वर्ग पुरा केल्याशिवाय रस्त्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. त्या वर्गाच्या शेवटी शिक्षकाबरोबर निदान दोन तास खऱ्या रस्त्यावर काढावे लागतात. अमेरिकेत 1973 साली मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशन ही संस्था निघाली, तिच्या वर्गात नवशिके मोकळ्या मैदानावर हळू वेगात क्लच आणि ब्रेकच घोटत असतात. आपल्याकडे घरच्या दुचाकीच्या लायसनसाठी असा कुठलाच वर्ग सक्तीचा नाही. ड्रायव्हिंग स्कूलं बहुतेक चारचाकीची. प्रत्येक बाजाराच्या गावाला शाळेचं मैदान आहे, सुट्टीचे दिवस आहेत, आणि नीट गाडी चालवणारी चार जबाबदार माणसं आहेत. हायस्कूलनं, ग्रामपंचायतीनं, बचतगटानं मनावर घेतलं, तर वर्ग उभा राहायला आणखी काही लागत नाही. ईटला तो व्हावा म्हणून मी ज्याला-त्याला विनवते आहे, आज तुम्हा सगळ्यांना विनवते.

उद्या जाताना अंगभर कपडे घाला. पायात चप्पल नको, बूट हवेत. ओढणी किंवा पदर घट्ट खोचा. मागचं चाक निम्मं तरी झाकणारी जाळी गाडीला असलीच पाहिजे, कपडे अडकू नयेत म्हणून नियमानंच ती सांगितलेली आहे. कुणी काढून टाकली असेल तर परत बसवून घ्या. हेल्मेट आयएसआय छापाचं, हनुवटीखालचा पट्टा लावलेलं. मैदानावरसुद्धा. आणि शिकवणारा “चला, बसा” म्हणाला, की गाडीवर बसण्याआधी त्याला विचारा: थांबायचा सराव कोणत्या दिवशी घेणार? उत्तर नीट मिळालं नाही, तर दुसरा शिकवणारा शोधा.