कब्जा न सोडता डाव



चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. त्या खान्देशात कुस्ती समजावत बसणं म्हणजे आगाऊपणा होईल. म्हणून ब्राझिलियन जिउजित्सूकडे मी तालमीच्या दारातूनच जाणार आहे.

जत्रेतली दंगल आठवा. एकानं पट काढला, दुसऱ्याला खाली घेतलं, कब्जा घेतला. खालचा पोटावर पसरून अंग चोरतो. बराच वेळ काही होत नाही. भोवतीची मंडळी ओरडू लागतात, ‘अरे, डाव कर!’ पंच बरोबरीत सोडवतील या धास्तीनं वरचा घाई करतो, आणि क्षणात तोच खाली! लोक म्हणतात, दमला. मला तसं वाटत नाही. ज्या हातावर सगळा भार होता, नेमका तोच हात त्यानं डावासाठी उचललेला असतो.

जिउजित्सूत ही अडचण वाढते. आपल्याकडे पाठ टेकली की निकाल लागला. तिथं पाठ टेकलेला माणूस पायांनी लढत राहतो. ते पाय ओलांडले तर ३ गुण. छातीवर बसलं, किंवा पाठीवर जाऊन दोन्ही पाय आत अडकवले, तर ४. तेही ३ सेकंद टिकलं तरच. पण खरा शेवट सांधा अडकवून किंवा गळा आवळून. समोरच्यानं थापटलं की हार.

छातीवर बसलेला नवखा हात दिसताच तो धरून मागे झोकून देतो. हात निसटला की हा पाठीवर, तो वर. मुरलेला गडी आधी एकेक गुडघा सरकवत खालच्याच्या काखेपर्यंत नेतो. खालच्याची कोपरं बरगड्यांपासून सुटतात, आणि त्यानं कंबर उचलून उसळी मारली तरी तिचा जोर वरच्याच्या बुडाखाली पोचत नाही. दोन्ही हात पकडीत गुंतले, मग तोल कशावर? डोक्यावर. खालचा ज्या बाजूला लोळवू पाहतो त्या बाजूला कपाळ टेकवायचं. दिसायला ओबडधोबड, पण चालतं.

‘आधी कब्जा, मग डाव’ असं शिकवतात. मला ते अर्धंच पटतं. वरचा नुसता बसून राहिला तर खालच्याचे दोन्ही हात सुटायच्या कामाला मोकळे. पण वरच्याचा हात गळ्याशी गेला की ते दोन्ही हात गळा वाचवायला धावतात आणि सुटणं तिथंच राहतं. नीट लावलेला डाव कब्जा घट्टच करतो. आपली सवारी याच जातीची: पाठीवर राहून पाय आतून अडकवला की तोच पाय धरूनही ठेवतो आणि उलटवतोही.

१९५१ साली रिओच्या माराकाना मैदानात जपानच्या मासाहिको किमुरानं ब्राझीलच्या जिउजित्सूवाल्या एलिओ ग्रेसीला पाडलं, वरून दाबून ठेवलं आणि त्याच दाबाखाली त्याचा हात पाठीमागे पिरगळला. एलिओ थापटेना, शेवटी थोरला भाऊ कार्लोसनं टॉवेल टाकला. ब्राझीलवाल्यांनी त्या डावाला किमुराचंच नाव दिलं. हरलेल्यांनी असा मान द्यावा, हे मला फार आवडतं. त्या पकडीत मनगट आणि दंड दोन्ही अडकतात. सांधा वळला नाही तरी माणूस हलत नाही.

धुळ्या-जळगावच्या तालमींत हे करून बघायला वेगळी सामग्री नको. वरच्यानं डाव लावायचा, शेवटाला न्यायचा नाही. खालचा हलला की पकड सैल करून भार परत टाकायचा, तो थांबला की पुन्हा डाव. खालचा सुटला तर जागा बदलायची. जिउजित्सूचं जाड जाकीट मे महिन्यात घालूच नका, बिनजाकिटाचाही प्रकार आहे. आणि सांधा हळू वळवायचा. पोरानं थापटलं की त्याच क्षणी सोडायचं, वस्तादानं सांगायची वाट बघायची नाही.